‘गंगाधरपंतांचे पानिपत’ : विज्ञान शिकण्यातील कुतूहल, भावना आणि अनिश्चितता

प्रस्तावना :
विज्ञानशिक्षणात आशय, प्रयोग व मूल्यमापन यांची चर्चा पुष्कळ होते. शिकणाऱ्याच्या मनाची मात्र क्वचितच. या दृष्टीने डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा अभ्यसनीय ठरते. तिचे इंग्रजी रूपांतर एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकातही समाविष्ट झाले. प्रस्तुत लेखात या कथेचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झाले आहेत. ते गोंधळतात, पण ग्रंथालय गाठून पुरावा शोधतात. बखरीत उत्तर मिळते : विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी येथे कानाजवळून निघून गेली. पानिपत ही मराठी मनाची जुनी सल असल्याने ‘असे झाले असते तर?’ हा प्रश्न वाचकाला आपला वाटतो. भावना येथे विज्ञानाचे प्रवेशद्वार ठरते.

पुढे राजेंद्र देशपांडे पुंजसिद्धान्त समजावतात : बंदुकीच्या गोळीचे स्थान आधी सांगता येते, इलेक्ट्रॉनचे येत नाही. विज्ञानातील काही प्रश्न अनुत्तरित आहेत, ही त्यांची कबुली कथेच्या प्रामाणिकपणाची खूण होय. मात्र ज्या गोळीचा मार्ग निश्चित म्हटला, तिच्याच तीळभर फरकावर सारे कथानक उभे आहे. इलेक्ट्रॉनचा नियम गोळीला कसा लावावा, हे कोणी विचारत नाही. विजयाच्या कल्पनेने सुखावलेला वाचकही विचारत नाही. कुतूहल जागविणारी भावनाच त्याला अकाली निजविते. कथेला ही मुभा आहे, वर्गाला नाही.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक प्रश्न उरतो. पानिपतची सल धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरा वा भिल्ल विद्यार्थ्याची असेलच असे नाही. परंतु ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झालेला शिरीषकुमार मेहता अवघा पंधरा वर्षांचा होता. ‘ती गोळी चुकली असती तर?’ हा प्रश्न येथील विद्यार्थ्याला सहज भिडेल. मग शिक्षकाने पुढे न्यावे : गोळी चुकते ती हाताचा कंप, अंतर, वारा यांमुळे, ही अनिश्चितता आपल्या अपुऱ्या माहितीची. पुंजसिद्धान्ताच्या रूढ अर्थानुसार इलेक्ट्रॉनची अनिश्चितता माहिती वाढवूनही संपत नाही. हा भेद उमगणे हेच विज्ञान शिकणे.

निष्कर्ष :
भावनेने प्रश्न जन्मतो, कुतूहलाने तो वाढतो. परंतु अनिश्चितता सोसण्याची तयारी नसेल, तर तो पहिल्याच सुखद उत्तरापाशी थांबतो. ही कथा वर्गात जरूर शिकवावी. मात्र तिच्या शेवटापाशी थांबू नये. मराठी व भौतिकशास्त्र या दोन्ही विभागांनी ती एकत्र शिकविणे अधिक फलदायी ठरेल.