फौजेला जेवायला कोणी घातलं?

लढाईचा सिनेमा बघून बाहेर पडताना आपल्या बायकांच्या मनात एक साधा प्रश्न येतो, पण लोक हसतील म्हणून आपण तो विचारत नाही. एवढी हजारो माणसं, घोडे, हत्ती, बैल, हे सगळे जेवले कुठे? पाणी कुठलं प्यायले? मला विचाराल तर हा प्रश्न मुळीच भाबडा नाही. पडद्यावरचा इतिहास खरा की खोटा, हे ओळखायची याहून चांगली कसोटी मला तरी सापडलेली नाही.

जाणकार मंडळी टीका करतात ती पगडीवर, तलवारीच्या मुठीवर, नाचाच्या गाण्यावर. तेही करायला हवंच. पण पगडी अगदी अचूक असून लढाई साफ खोटी असू शकते, तिकडे कोणी बघत नाही.

‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) घ्या. शेवटी शेवटी बाजीराव एकटेच नासिरजंगाच्या फौजेवर घोडा घालतात, वरून बाणांचा पाऊस. दिसायला सुंदर. प्रत्यक्षात १७४० च्या सुरुवातीची ती मोहीम तहाने संपली. तहात हंडिया आणि खरगोण मराठ्यांना मिळालं. बाजीराव त्या नव्या मुलखात आले आणि २८ एप्रिलला नर्मदेकाठी रावेरखेडीला तापाने गेले. म्हणजे आपल्या निमाडातच.

बाजीरावांचं खरं कसब बघायचं तर पालखेड बघावं. निजाम पुण्याच्या रोखाने आलेला. हे त्याच्या समोर गेलेच नाहीत. त्याच्याच मुलखात घुसले, बुऱ्हाणपुराकडे निघाल्याची हूल दिली, त्याला मागे मागे पळवलं. जड तोफा मागे टाकून तो धावला आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ अशा जागी कोंडला गेला, जिथे पाणी नव्हतं. रसद बंद, पाणी बंद. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह. निजामाला नमवलं ते तहानेने. आता सांगा, हे कोणत्या दिग्दर्शकाला गाण्यात बसवता येईल?

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला आपल्या धारजवळच्या अमझेऱ्याला असंच झालं. माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर अमझेऱ्याचा घाट अडवून बसला होता. चिमाजी आप्पांची फौज मांडूकडच्या घाटाने वर आली आणि त्याला अचानक गाठलं. गिरधर बहादूर आणि दया बहादूर दोघेही पडले. माळव्याचं दार त्या दिवशी उघडलं. पण यावर सिनेमा नाही, कारण घाट ओळखणं हा काही पडद्यावर चमकणारा पराक्रम नव्हे.

‘पानिपत’ (२०१९) बघून आलेल्यांना आठवतात ते अब्दालीचा क्रूर चेहरा आणि भाऊसाहेबांची शेवटची झुंज. पण १४ जानेवारी १७६१ ची लढाई त्या दिवशी का झाली? कारण छावणीत खायला उरलं नव्हतं. नोव्हेंबरपासून फौज अडकलेली, सोबत बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. रसद गोळा करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि उरलासुरला आधार तुटला. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असा तो निर्णय. ज्या बाईने संपत आलेल्या डब्यावर महिन्याची अखेर काढली आहे, तिला हा निर्णय कोणत्याही भाषणाशिवाय समजेल.

माहितीपट तरी बरे असतील म्हणावं, तर तिथे नकाशावर लाल आणि निळे बाण पळतात. बाणांना पोट नसतं.

आता मुलांचे खेळ. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (२००९) मध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं, मुलांना त्याचा केवढा अभिमान! पण खेळ सुरू होतो १७०० साली आणि नाव दिलंय मराठा संघ. शिंदे, होळकर, पवार यांची ती मांडणी नंतरची. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला गेला आणि पंचविशीतल्या ताराबाई औरंगजेबाशी लढायला उभ्या राहिल्या. एवढी मोठी गोष्ट त्या सालात हाताशी होती, आणि खेळाने तिच्यावर भलतंच नाव चिकटवलं.

‘एज ऑफ एम्पायर्स ३’ मध्ये निदान अन्न गोळा करावं लागतं. भारतीय बाजूला पाळीव जनावरं मारून खाता येत नाहीत, गाईंसाठी वेगळं कुरण ठेवलंय. एवढा विचार केला, कौतुक आहे. पण शिपाई एकदा तयार झाला की पुन्हा त्याला घास लागत नाही! असा पाहुणा कोणाच्या घरी येतो?

हे दुखणं आपलंच नाही. ‘३००’ या सिनेमात स्पार्टाचे वीर उघड्या अंगाने लढतात. खरे ग्रीक सैनिक शिरस्त्राण आणि भली मोठी ढाल घेऊन लढत. शिवाय इसवी सनपूर्व ४८० मध्ये थर्मोपिलीला थेस्पियाचे सातशे जण शेवटपर्यंत उभे होते, त्यांना कोणी विचारत नाही. पुढे अथेन्स आणि स्पार्टा भिडले तेव्हा स्पार्टाने शेतं उजाड केली, खेडुतांनी अथेन्सच्या तटाआत गर्दी केली आणि इसवी सनपूर्व ४३० मध्ये तिथे साथ पसरली. त्याच युद्धावरच्या ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ (२०१८) या खेळात शत्रूचा सरदार मारला की मुलूख डळमळतो. मात्र त्याच कंपनीने पुढच्या वर्षी लढाई वगळून फक्त ग्रीस हिंडून बघायची सोय केली. मला ती मूळ खेळापेक्षा जास्त खरी वाटली.

रसद वगळली की बायकाही आपोआप वगळल्या जातात. १७६५ साली मल्हारराव होळकरांनी आपल्या सुनेला, अहिल्याबाईंना, पत्र लिहून तोफखाना घेऊन ग्वाल्हेरला जायला, दारूगोळ्याची जमवाजमव करायला आणि वाटेवर चौक्या बसवायला सांगितलं होतं. आपण त्यांना घाट आणि देवळं बांधणारी साध्वी म्हणून ओळखतो. त्या युद्धाचं अर्धं काम सांभाळत होत्या, हे पडद्यावर मला अजून दिसायचं आहे.

आपल्या पुराणात भरत आणि बाहुबली समोरासमोर आले, तेव्हा मंत्र्यांनी दोन्ही फौजा बाजूला ठेवल्या आणि भावांनाच दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध करायला लावलं. तिथे द्वंद्व होतं ते बाकीची माणसं वाचावीत म्हणून. सिनेमातलं द्वंद्व हजारो प्रेतांच्या मध्यभागी होतं, आणि ती प्रेतं कोणाची हे विचारायलाही आपल्याला वेळ मिळत नाही. हिशेब नसलेली हिंसा मुलांना मजेची वाटली तर दोष मुलांचा कसा?

आपलं महूच मुळी एका लढाईमुळे वसलं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर हरले, मंदसौरचा तह झाला आणि १८१८ मध्ये माल्कमने इथे छावणी टाकली. निदान या गावातल्या मुलांना तरी लढाई म्हणजे काय हे नीट कळावं. सिनेमा बंद करा, खेळ काढून घ्या, असं मी म्हणत नाही. शेजारी बसा आणि विचारा, यांचं पाणी कुठून येतंय रे? एखाद्या रविवारी डबा बांधून अमझेऱ्याला जा. सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी याल. आणि तिथे मुलांनाच सांगू द्या, फौज कोणत्या घाटाने आली असेल.