अध्यापन-नियोजनाची भाषा आणि अत्याचारग्रस्त विद्यार्थी

तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. तिच्या अंगावर जखमा नाहीत, यावरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये संमतीचा निष्कर्ष काढून आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधी-प्राध्यापकांनी १९७९ मध्ये खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतील भेद निदर्शनास आणला. त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. अध्यापकांनी केलेली भाषाचिकित्सा कोठवर पोहोचू शकते, याचे हे उदाहरण होय.

हीच चिकित्सा अध्यापकांच्या स्वतःच्या लेखनासही लागू करणे आवश्यक आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पाठ्यक्रम अभ्यासमंडळे ठरवितात. अध्यापन-नियोजन मात्र प्राध्यापकाच्या हातचे असते. ते सामान्यतः घटक, गुण व उपस्थिती यांपुरतेच मर्यादित राहते. परिणामी, अत्याचारानंतर वर्ग टाळणाऱ्या विद्यार्थिनीच्या वाट्याला केवळ 'गैरहजर' हा शेरा येतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत तक्रारदारास तीन महिन्यांपर्यंत रजेची तरतूद आहे. काही विद्यार्थी व तृतीयपंथी विद्यार्थीही असुरक्षित असतात, हेही त्यांत मान्य केले आहे. परंतु रजेचे हे संरक्षण तक्रारीनंतर सुरू होते. जिने अद्याप तोंड उघडलेले नाही, तिच्यापर्यंत प्रथम पोहोचणारा कागद अध्यापन-नियोजनाचाच असतो.

तेथे शब्दांची निवड निर्णायक ठरते. 'विनयभंग', 'अब्रू' हे शब्द अपराध्याच्या कृतीपेक्षा स्त्रीच्या कथित हानीकडे लक्ष वेधतात. 'लैंगिक अत्याचार' हा शब्द कृतीचे नाव घेतो.

तथापि सहानुभूतीच्या भरात संपूर्ण गुप्ततेचे आश्वासन देणे अयोग्य ठरेल. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात आणि २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये अशी माहिती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. पाळता न येणारे वचन हा दुसरा विश्वासघात ठरतो.

म्हणून नियोजनात इतके तरी असावे: "लैंगिक अत्याचारामुळे उपस्थिती वा गृहपाठात अडचण आल्यास तपशील न सांगताही मुदतवाढ मागता येईल. क्लेशदायक पाठ्यांशाची पूर्वसूचना दिली जाईल. अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याचा निर्णय तुमचा असेल. मात्र अठरा वर्षांखालील व्यक्तीवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवावी लागते." या चार ओळींनी न्याय मिळत नाही, परंतु शिक्षण सुटू नये, एवढी सोय त्या निश्चितच करतात.