डावे-उजवे : वैद्यकीय शिक्षणातील एक दुर्लक्षित प्रश्न

वैद्यकीय विद्यार्थ्यास डावे-उजवे कळते काय, हा प्रश्न वरकरणी हास्यास्पद वाटतो. तथापि बेलफास्ट येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या या क्षमतेचा अभ्यास २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. अशा मापनाची मर्यादा ही की, त्यात दोष व्यक्तीत शोधला जातो. वस्तुतः अडचण उभे राहण्याच्या स्थानातही आहे. शरीररचनाशास्त्रात बाजू रुग्णाची मानतात. त्यामुळे समोरच्या विद्यार्थ्याच्या डावीकडे रुग्णाचा उजवा हात येतो. रुग्ण पाठमोरा होताच हे गणित बदलते.

पनवेल तालुक्यात कामोठे येथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी अध्यापन इंग्रजीतून होते, रुग्ण मात्र मराठीतून बोलतो. तो ‘जेवायचा हात’ म्हणाला, तर उजवा हात गृहीत धरला जातो; रुग्ण डावखुरा असल्यास हे गृहीतक फसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-सुरक्षा तपासणी सूचीनुसार भूल देण्यापूर्वी शस्त्रक्रियेची जागा रुग्णाकडून पडताळून घ्यावयाची असते. मात्र ही सवय शस्त्रक्रियागृहापर्यंत लांबणीवर टाकणे योग्य नव्हे. रुग्णास बोट ठेवून बाजू दाखवावयास सांगणे, हा रुग्णशय्येजवळचा पहिला पाठ व्हावा. गोंधळ कबूल करणाऱ्या विद्यार्थ्याचे हसे होत असेल, तर तो गप्प राहील. त्या मौनाची किंमत रुग्णाच्या निरोगी अवयवाला मोजावी लागेल.