कॉपर-ॲस्पिरिन: उंदराच्या पंजापाशी अडलेला प्रश्न

तुमच्या घरात गुडघेदुखीवर रोज गोळी घेणारं कुणीतरी असेलच. सूज उतरते, पण पोट बिघडतं. काहींच्या जठरात व्रण होतात, रक्तस्रावही होतो. पोटाला सांभाळून घेणारं औषध हवं, ही मागणी अगदी खरी आहे. व्हायॉक्स हे तिचंच एक उत्तर होतं. ते २००४ साली मागे घ्यावं लागलं, कारण पोट जपताना हृदयाचा धोका वाढला. त्यामुळे ‘औषधाला धातू जोडला की ते जास्त गुणकारी आणि पोटाला सौम्य होतं’ असं कुठे वाचलं की भुरळ पडणारच. पण जरा थांबा.

ही कल्पना गाजली ती जॉन सोरेन्सन यांच्यामुळे. पुढे ते बरीच वर्षं लिटल रॉकला, आर्कान्सा विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत होते. १९७६ साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये त्यांनी मांडलं, की संधिवाताची औषधं शरीरातल्या तांब्याशी जोडली जात असावीत आणि खरं काम ते कॉम्प्लेक्सच करत असावं. उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणायची आणि ती किती उतरते हे मोजायचं, ही त्यांची एक चाचणी. तांबं जोडलेली रूपं मूळ औषधांपेक्षा सरस दिसली आणि व्रणही कमी झाले.

कल्पना धाडसी होती, आणि तपासता येण्याजोगी होती. हे श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच पेपरमधली एक गोष्ट नीट बघा. जे रेणू स्वतः सूज उतरवत नाहीत, त्यांनाही तांबं जोडल्यावर गुण आला! मग काम कुणाचं? औषधाचं, की नुसत्या तांब्याचं? शिवाय शरीरात एका ठिकाणी चुरचुरणारं काही टोचलं, तर दुसरीकडची सूज तेवढ्यापुरती कमी होऊ शकते, हे औषधशास्त्राला जुनंच माहीत आहे. तांब्याचे क्षार असे चुरचुरतात.

आता साधं रसायनशास्त्र लावू. कॉपर-ॲस्पिरिनमध्ये तांब्याचे दोन अणू चार ॲस्पिरिननी धरलेले असतात, तेही कार्बोक्सिलेट गटांनी. ॲस्पिरिनचा पीकेए साधारण ३.५ आणि रिकाम्या जठराचा पीएच १ ते २. एवढ्या आम्लात प्रोटॉन कार्बोक्सिलेटवर बसतो आणि तांबं सुटतं. त्यातून काही रक्तापर्यंत पोचलंच, तर तिथे अल्ब्युमिन आहे. त्याच्या टोकाशी तांब्यासाठी इतकी घट्ट जागा आहे की ॲस्पिरिनची पकड त्यापुढे टिकत नाही. शिवाय ॲस्पिरिन स्वतःच रक्तात अर्ध्या तासाच्या आत निम्म्याहून जास्त सॅलिसिलेट होऊन जातं.

म्हणजे सगळं फोल? तसं नाही. ऑस्ट्रेलियात कुत्र्या-घोड्यांसाठी कॉपर-इंडोमेथॅसिन वापरलं गेलंय. अमेरिकेत १९८५ साली संधिवातासाठी मान्यता मिळालेलं ऑरानोफिन हे सोन्याचं औषध शरीरात आपला एक लिगंड टाकून देतं, आणि सोनं प्रथिनांच्या गंधकाला जाऊन चिकटतं. तेव्हा तुटणं हा गुन्हा नाही. कुठे तुटतं आणि मग काय उरतं, हे न विचारणं हा गुन्हा.

माझी तक्रार इथेच आहे. सोरेन्सननंतर या विषयावर पेपरांची रांग लागली. साचा तुम्ही ओळखालच: एक जुनं औषध, तांबं-जस्त-कोबाल्ट, आयआर स्पेक्ट्रम, वासराच्या थायमसचा डीएनए, बॅक्टेरियांच्या ताटलीतलं वर्तुळ आणि शेवटी ‘आशादायक’. कॉम्प्लेक्स बहुधा डीएमएसओमध्ये विरघळवलेलं असतं. पण तो द्रावकच धातूला धरतो, मग आत नेमकं काय उरलं? सुपरऑक्साइड मोडण्याची ताकद मोजतात, पण पाण्यातला साधा तांब्याचा आयनही ते काम झपाट्यानं करतो. तेवढंच तांबं असलेला साधा क्षार शेजारी ठेवून तुलना केलेली नसेल, तर त्या आकड्याचं करायचं काय?

ही फक्त प्रयोगशाळेतली कुरबूर नाही. अर्धवट सोडलेला प्रश्न बाजार आपल्या सोयीनं पुरा करतो. २०१५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं टॉमी कॉपर या कंपनीवर कारवाई केली. तांबं मिसळलेल्या कपड्यांनी संधिवाताचं दुखणं कमी होतं, या दाव्यामागे पुरेसा पुरावा नव्हता. तडजोडीत कंपनीला १३.५ लाख डॉलर भरावे लागले. पैसे मोजले होते ते दुखणाऱ्या गुडघ्यांनी.

पुढच्या वेळी असा पेपर हाती आला तर सारांश बाजूला ठेवा आणि थेट पद्धतीच्या भागात जा. नुसत्या धातूची तुलना शोधा. औषध टोचलं की पाजलं ते बघा. आम्लात आणि रक्तद्रवात कॉम्प्लेक्स किती वेळ टिकलं हे कुणी मोजलंय का, तेही बघा. यातलं काहीच नसेल, तर ‘आशादायक’ या शब्दावर तुमच्या आईची गोळी बदलू नका.