तक्त्यातलं ‘सुरक्षित’ अन्न आणि आपल्या घरचं उष्टावण

पेपर वाचताना एक सवय लावून घ्या: आकडा दिसला की आधी त्याचा छेद शोधा. आज एका नावाजलेल्या तक्त्यावर हे करून बघू.

एफपीआयईएस म्हणजे ठराविक अन्नाने लहान बाळाच्या आतड्यात उठणारी तीव्र प्रतिक्रिया. खाल्ल्यावर साधारण १ ते ४ तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरं पडतं, मलूल होतं. अंगावर पित्त उठत नाही, धाप लागत नाही. नेहमीच्या अ‍ॅलर्जी चाचण्यांतही बहुतेक वेळा काही सापडत नाही. मग आईचा प्रश्न एकच: बाळाला देऊ तरी काय?

२०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये याचं उत्तर एका तक्त्यात आहे. ब्रोकोली, ब्लूबेरी, मिलेट कमी जोखमीचे. गहू आणि डाळी-कडधान्यं मध्यम. तांदळाचं बाळअन्न, दूध, अंडं, सोया, केळं जास्त जोखमीचे.

आता हा तक्ता यवतमाळ जिल्ह्यात आणा. इथे बाळाला सुरुवातीला मिळतं ते मऊ भात आणि तुरीच्या वरणाचं पाणी. तक्ता पाळायचा तर भात बंद, वरण जपून, दूध-अंडंही नको. ब्लूबेरी घाटंजीच्या बाजारात कुठून आणणार? ‘मिलेट’ म्हणजे ज्वारी, बाजरी की राळा, तेही तक्ता सांगत नाही. बाळ आधीच कमी वजनाचं असेल, तर अशा पथ्याचीच किंमत त्याला मोजावी लागेल.

आणि छेद? ऑस्ट्रेलियात २०१२ ते २०१४ मध्ये नोंदवलेल्या २३० बाळांपैकी ४५ टक्क्यांना तांदळाने त्रास झाला होता. हे झालं आजारी बाळांबद्दल. तांदूळ खाऊन ठणठणीत राहिलेली किती, हे या टक्केवारीत नाही. तिथे तांदळाचं सीरियल लवकर देण्याची पद्धत आहे. इटलीत घन पदार्थांमध्ये मासे पुढे दिसतात. म्हणजे यादीत अन्नाच्या गुणधर्माइतकीच त्या देशाची भरवण्याची रीतही उतरलेली असू शकते. यावरून आपला भात निर्धोक ठरत नाही, बरं का! फक्त तो ‘जास्त जोखमीचा’ हेही इथल्यासाठी सिद्ध होत नाही.

लेखकांवर अन्याय नको. तक्ता अनुभवावर आधारलेला आहे आणि देशागणिक फरक पडतो, हे त्यांनी लिहिलंय. पण मजकूर मागे राहतो, तक्त्याचा फोटो पुढे फिरतो.

त्याच सूचनांमधलं एक तत्त्व मात्र कुठेही उपयोगी आहे: एका गटातला पदार्थ पचला, तर त्याच गटातले इतर पचण्याची शक्यता वाढते. म्हणून यादीची सुरुवात बाळाला आजवर पचलेल्या पदार्थांपासून करा. त्रास झालेला पदार्थ पुन्हा देऊन बघायचा तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, घरी नाही.

इथली यादी बनवायची तर आजारी बाळांच्या नोंदींबरोबर अंगणवाडीतल्या सगळ्या बाळांचं उष्टावणही नोंदवावं लागेल. तो छेद अजून मांडायचाय. विषय शोधताय ना?