‘पेशी’ आणि किल्ल्याची उपमा

शास्त्रीय परिभाषेचें परीक्षण शास्त्रज्ञांनीं आपसांत करावें, वाङ्मयाच्या मासिकाला त्याचें काय, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. तो फारसा टिकण्यासारखा नाहीं. शाळेंतलें विज्ञानाचें पुस्तक जितक्या मराठी घरांत वाचलें जातें, तितक्या घरांत एखादी गाजलेली कादंबरीहि क्वचितच पोंचते. आणि त्यांतील शब्द व उपमा मुलांच्या मनांत जन्मभर घर करून राहतात. ज्या गद्याचा एवढा प्रभाव आहे, त्याची टीकाकारानें दखलच घेऊं नये, हें चमत्कारिक होय. म्हणून प्राणिपेशीच्या रचनेचें जें वर्णन आपल्या शालेय गद्यांत रुळलें आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखांत वाङ्मयीन दृष्टीनें करावयाचा आहे. हें वर्णन वस्तूशीं प्रामाणिक आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम मूळ नांव घेऊं. इंग्रजींतील ‘सेल’ हें नांव रॉबर्ट हूक यानें १६६५ सालीं ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथांत योजिलें. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरला असतां त्याला एकमेकींस लागून असलेल्या लहान लहान कोठड्या दिसल्या. पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आंतील जीव केव्हांच गेलेला होता. मागें उरलेल्या भिंतीच काय त्या हूकनें पाहिल्या. पुढें १८३८ सालीं श्लायडेन यानें वनस्पतींविषयीं आणि १८३९ सालीं श्वान यानें प्राण्यांविषयीं असें प्रतिपादन केलें कीं, सर्व देह अशा घटकांचेच बनलेले असतात. तेव्हांहि तें कोठडीचें नांव तसेंच पुढें चाललें. वस्तुतः प्राण्याच्या पेशीला भिंत मुळींच नसते. जी वस्तु तिच्यापाशीं नाहीं, तिच्यावरून तिचें नांव पडलें!

हा विसंवाद युरोपांतील अभ्यासकांच्याहि ध्यानांत आला होता. दुजार्दां यानें १८३५ सालींच सूक्ष्म प्राण्यांच्या अंगांतील चिकट, हलत्या द्रव्याला ‘सार्कोड’, म्हणजे मांसासारखें द्रव्य, असें म्हटलें होतें. आणि १८६१ सालीं माक्स शुल्ट्झ यानें स्पष्टच सांगितलें कीं, ज्यांत केंद्रक आहे असा जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी. भिंत हें तिचें आवश्यक लक्षण नव्हे. आतां मराठी शब्दाकडे पाहा. ‘पेशी’ हा शब्द प्राचीन वैद्यकांतला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत देहांतील ज्या ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या मांसाच्या. आणि गर्भाच्या आरंभींच्या एका आकारालाहि तेथें पेशी असेंच नांव आहे. म्हणजे आपण जो शब्द उचलला त्याच्या पोटांत कोठडी नाहीं, मांसाचा जिवंत गोळा आहे. हूकच्या नांवापेक्षां शुल्ट्झच्या व्याख्येशीं त्याचें नातें अधिक जवळचें आहे.

याला एक आक्षेप आहे, आणि तो दुर्लक्षण्यासारखा नाहीं. हिंदींत या घटकाला ‘कोशिका’ म्हणतात; मराठी विश्वकोशाच्याहि अनेक नोंदींत तोच शब्द आहे. ‘पेशी’ म्हटलें कीं मांसपेशी डोळ्यांपुढें येते, एका शब्दावर दोन अर्थांचें ओझें पडतें, म्हणून ‘कोशिका’ निःसंदिग्ध, असें त्याच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें. निःसंदिग्धपणा हा परिभाषेचा गुण खरा. परंतु कोश म्हणजे आवरण, म्यान, भांडार. हा शब्द वनस्पतींना शोभतो. प्राण्यांच्या बाबतींत तो हूकच्या कोठडीकडेच आपणांस परत नेतो. शालेय पुस्तकांनीं ‘पेशी’ पसंत केली, ती निवड आम्हांला योग्य वाटते.

इतर शब्दांविषयीं मात्र मत सरसकट देतां येत नाहीं. ‘तंतुकणिका’ हें ग्रीक नांवाचें शब्दशः आणि सुंदर भाषांतर आहे. ‘लयकारिका’ तर मुळाहूनहि सरस. झिजलेल्याचा लय करणारी, हें काम नांवांतच सांगितलें गेलें. ‘केंद्रक’ तितकें निर्दोष नाहीं. रॉबर्ट ब्राउन यानें १८३१ सालीं जें नांव रूढ केलें, त्याचा अर्थ फळांतील गर किंवा बी; मध्यबिंदु नव्हे. मराठी नांवामुळें मूल नकळत समजतें कीं, तें मधोमधच असावयाचें. चरबीच्या पेशींत तें एका कडेला दडपलेलें असतें. हाडांना हलविणाऱ्या स्नायूंच्या लांब पेशींत अशीं अनेक केंद्रकें कांठालगत असतात. आणि माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत, त्या परिपक्व झाल्यावर, तें उरतच नाहीं. शब्द आतां बदलणें शक्य नाहीं. पण शिक्षकानें एक वाक्य अधिक बोलणें अगदीं शक्य आहे.

शब्दांपेक्षां अधिक हानि उपमा करतात. पेशी म्हणजे कारखाना, तंतुकणिका म्हणजे वीजघर, लयकारिका म्हणजे आत्मघातकी पिशव्या, या उपमा आतां इतक्या सवयीच्या झाल्या आहेत कीं त्या उपमा आहेत हेंच विसरलें जातें. लयकारिकांचा शोध क्रिश्चन द द्यूव यानें १९५५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांचें नित्याचें काम पचनाचें आहे : जुने झालेले भाग मोडावयाचे, गिळलेले जंतु विरघळवावयाचे, आणि त्यांतून निघालेला माल पुन्हां वापरावयास द्यावयाचा. ज्या काटकसरी गृहिणीप्रमाणें कांहींच वायां जाऊं देत नाहींत, त्यांना आत्मघातकी म्हणणें हा अन्याय होय.

आणि सर्वांत फसवी उपमा किल्ल्याची. पालघर जिल्ह्यांतील वसईसारख्या गांवीं ती कोणाहि शिक्षकाला सहज सुचेल. समोर तट उभा आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ज्यासाठीं एवढा रक्तपात सोसला, तो हाच. तट म्हणजे पटल, दरवाजे म्हणजे छिद्रें, आंत मध्यभागीं सत्तास्थान म्हणजे केंद्रक. चित्र कसें चटकन जुळतें! परंतु तो तट आजहि उभा आहे, आणि आंत राज्य करणारे केव्हांच गेले आहेत. हीच हूकच्या बुचाची कथा. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेला ही उपमा लागूं पडेल. प्राण्याच्या पेशीभोंवतीं मात्र केवळ प्रद्रव्यपटल असतें : स्निग्ध द्रव्याच्या दोन थरांचें, प्रथिनें जडविलेलें, आणि जाडीला एका मिलिमीटरच्या सुमारें सव्वा लाखाव्या भागाएवढें. तें दगडासारखें स्थिर नसून तेलासारखें प्रवाही असतें, हें सिंगर व निकल्सन यांनीं १९७२ सालीं मांडलें. जीव गेला कीं तें फार काळ टिकत नाहीं.

योग्य उपमा हवी असेल, तर ती त्याच गांवीं, तटापासून फार दूर न जातां मिळते. वसई, नायगांव, विरार या पट्ट्यांतील मिठागरें पाहा. तेथील बांध मातीचा. भरतीचें पाणी उघाडीतून हवें तेवढें घ्यावयाचें, नको तेव्हां अडवावयाचें, आणि बांध खचला कीं लगेच डागडुजी करावयाची. हात फिरणें थांबलें, कीं एखाद्या पावसाळ्यांत बांध गेलाच म्हणून समजावें. प्राणिपेशीची सीमा अशी आहे. ती नुसती असत नाहीं, ती सतत राखली जाते. आणि योगायोग असा कीं, तेथेंहि प्रश्न मिठाचाच असतो. पेशीच्या बाहेरील रसांत सोडियम आंतल्यापेक्षां सुमारें दहापट असतें आणि तें सारखें आंत झिरपत असतें. पटलांतील एक प्रथिन दर फेरीला सोडियमचे ३ कण बाहेर टाकतें आणि पोटॅशियमचे २ कण आंत घेतें. येन्स स्कोऊ यानें १९५७ सालीं तें ओळखलें आणि १९९७ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. देहाच्या शक्तीचा मोठा हिस्सा या एका कामीं खर्च होतो. तें थांबलें तर पाणी आंत शिरून पेशी फुगते व अखेर फुटते.

अर्थात् ही उपमाहि एका मर्यादेपर्यंतच चालते. उघाडी पाणी उताराकडेच सोडते. पटलांतील तें प्रथिन मिठाला चढावर ढकलतें. पण उपमा कोठें संपते हें सांगतां येतें, हाच तिचा चांगुलपणा. किल्ल्याची उपमा तशी संपत नाहीं. ती खोटें चित्र पुरें करून देते.

कोणी म्हणेल, लहान मुलांना एवढी काटेकोर उपमा कशाला? उत्तर असें, कीं या भिंतीच्या असण्या-नसण्यावर माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत. अलेक्झांडर फ्लेमिंग यानें १९२८ सालीं शोधलेलें पेनिसिलिन जंतूंना त्यांची भित्तिका बांधूं देत नाहीं. म्हणून जंतु मरतो, आणि आपल्या पेशींना ती मुळांतच नसल्यामुळें त्या या घावांतून वांचतात. ज्या मुलाला प्राण्याची पेशी तटबंदीची आहे असें शिकविलें, त्याला औषध जंतूला मारतें आणि रोग्याला कां मारीत नाहीं, हें कधींहि नीट उमजणार नाहीं. भिंत नसणें ही उणीवहि नव्हे. आगाशीच्या वाडींतील केळीचें पान भिंतींच्या व पाण्याच्या दाबाच्या बळावर ताठ राहतें, पण तें आपल्या जागेवरून हलूं शकत नाहीं. आपल्या पांढऱ्या रक्तपेशी आकार बदलीत सरपटतात, जंतूंना कवेंत घेऊन गिळतात. स्नायू आंखडतात व सैल होतात. आपण चालतों-बोलतों तें या भिंतीवांचूनच्या घडणीमुळें.

तेव्हां शालेय गद्य लिहिणारांकडे आमचें मागणें मोठें नाहीं. ‘पेशी’ हा शब्द त्यांनीं राखला, तसा त्याचा मूळ अर्थहि धड्याच्या आरंभीं दोन ओळींत सांगावा. आकृतींत वनस्पतीची व प्राण्याची पेशी शेजारीं शेजारीं काढून ‘येथें भिंत नाहीं’ एवढें लिहून थांबूं नये. नाहीं म्हणून काय घडतें, तेंहि लिहावें. आणि वसईच्या पालकांनीं मुलांना किल्ला अवश्य दाखवावा, पण तो इतिहासाच्या धड्यासाठीं. विज्ञानाच्या धड्यासाठीं भरतीची वेळ पाहून मिठागराच्या बांधावर न्यावें.