विकारविलसित आणि हॅम्लेटचा विलंब

पिंपळे गुरव येथील नाट्यगृहास नटसम्राट निळू फुले यांचे नाव दिलेले आहे. खलपुरुषाच्या भूमिका वठवून ज्या नटाने प्रेक्षकांचा रोष आयुष्यभर आनंदाने पत्करला, त्याच्या नावाच्या या वास्तूवरून जाताना एक विचार आमच्या मनात नेहमी येतो. नाटकातील दुष्टाकडे आपण चटकन बोट दाखवितो; परंतु त्याला शासन करणाऱ्याच्या अंतःकरणात काय चालले आहे, हे पाहण्याचे श्रम आपण क्वचितच घेतो.

परवा याच गावी एका स्नेह्यांच्या घरी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकावर बोलणे निघाले. घरातील महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने विचारले, “काका, चुलत्याने बापाचा खून केला हे कळल्यावरही राजपुत्र इतके दिवस स्वस्थ कसा बसतो?” कोणी वडीलधाऱ्यांनी उत्तर दिले, “अगं, तो स्वभावानेच दुबळा. विचार फार आणि कृती शून्य!” हे उत्तर परीक्षेच्या कागदावर खपून जाईल. पण आमच्या मते ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच या नाटकाचे मर्म साठविलेले आहे.

या कामी एका मराठी पुस्तकाचे नावच आपणांस वाट दाखविते. गोपाळ गणेश आगरकर यांनी या नाटकाचे मराठी रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध केले. आदल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात त्यांनी टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले होते. शेक्सपिअरने नाटकाला नायकाचे नाव दिले. आगरकरांनी नायकाला ‘चंद्रसेन’ केले आणि नाटकाला नाव दिले ‘विकारविलसित’. विकारांची लीला! बुद्धिवादाचा कैवार घेणाऱ्या या लेखकाने विचारात बुडालेल्या राजपुत्राच्या कथेला विकारांचे नाव द्यावे, ही गोष्ट सहज घडलेली नसावी.

सूडाच्या नाटकांची इंग्रजी रंगभूमीवर तेव्हा चलती होती. किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’ने त्यांचा साचा आधीच घालून दिला होता: गुप्त खून, मृताचे पिशाच, सूडाचा ध्यास, वेडाचे सोंग किंवा खरेखुरे वेड, आणि शेवटी रंगभूमीवर प्रेतांचा खच. शेक्सपिअरने सुमारे १६०० साली हाच साचा हाती घेतला. मात्र सूड घेण्याचे काम त्याने विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकलेल्या एका तरुणावर सोपविले. शिवाय बापाच्या पिशाचाच्या तोंडी त्याने एकाच वेळी दोन आज्ञा घातल्या: माझ्या खुनाचा सूड घे, आणि तुझे मन मात्र मलिन होऊ देऊ नकोस. वाचकांनी क्षणभर येथे थांबावे. या दोन्ही आज्ञा एकाच माणसाला पाळता येतील काय? आमच्या समजुतीप्रमाणे नाटकाचा सारा पेच या एका प्रश्नात आहे.

हॅम्लेटचा विलंब एकच नसून दोन प्रकारचा आहे. पहिला विलंब विचाराचा. भेटले ते पित्याचेच पिशाच की त्याच्या रूपाने आलेला सैतान, याची त्याला खात्री नाही. म्हणून तो राजापुढे तशाच खुनाचे नाटक करवितो आणि चुलत्याच्या मुद्रेवरून सत्य ताडतो. केवळ एका पिशाचाच्या सांगण्यावरून माणूस मारू नये, पुरावा पाहावा, याला दुबळेपणा कोण म्हणेल? न्यायाधीशाने हेच केले तर आपण त्याची वाखाणणी करतो.

दुसरा विलंब याहून फार निराळा आहे. पुरावा मिळाला, चुलता क्लॉडियस एकटाच गुडघे टेकून प्रार्थनेला बसला आहे, हॅम्लेटच्या हाती तलवार आहे. तरीही तो हात आवरतो. दयेने मात्र नव्हे. प्रार्थनेत मेला तर हा स्वर्गास जाईल. त्याला पापात गुंतलेला असतानाच गाठू, म्हणजे तो सरळ नरकात जाईल, असा त्याचा हिशेब आहे. हा विलंब विचाराचा म्हणता येत नाही. येथे विकारानेच विचाराचा वेष घेतला आहे. प्रेक्षकांना मात्र त्या प्रार्थनेचे खरे स्वरूप ठाऊक आहे. पापातून मिळालेले राज्य आणि राणी सोडण्याची क्लॉडियसची तयारी नसल्यामुळे त्याची प्रार्थना वर पोचतच नाही, आणि हे तो स्वतःच कबूल करतो. खलपुरुष स्वतःच्या मनाविषयी इतके खरे बोलत असता नायक त्याच्या परलोकाची व्यवस्था लावीत बसतो, यासारखा दारुण उपरोध आम्हांस अन्यत्र आढळला नाही.

ही वृत्ती आपल्याला परकी आहे असे मात्र कोणी समजू नये. महाभारताचे सौप्तिकपर्व आठवावे. अश्वत्थामाही पित्याच्या वधाचा सूड उगविण्यास निघालेला पुत्रच होय. कृपाचार्य त्याला सकाळपर्यंत थांबावयास सांगतात. पण रात्री निजलेल्या कावळ्यांना घुबडाने मारलेले पाहून त्याला मार्ग सुचलेला असतो. धृष्टद्युम्न त्याला विनवितो की, मला शस्त्राने मार, म्हणजे वीरांना मिळणारे लोक तरी मला मिळतील. अश्वत्थामा तेही नाकारतो आणि लाथांखाली तुडवून त्याचा प्राण घेतो. शत्रूचे शरीर मारून ज्याचे समाधान होत नाही, ज्याला त्याचा परलोकही हिरावून घ्यावासा वाटतो, तो सूडाच्या अगदी तळाशी पोचला म्हणावयाचा. अश्वत्थामा तेथे एका रात्रीत पोचला. हॅम्लेट त्या तळाला केवळ क्षणभर स्पर्श करतो. पण तेवढ्या एका क्षणाची किंमत फार मोठी पडते.

कारण त्यानंतर लगेच, आईच्या महालात, पडद्यामागे हालचाल होताच तो मागचापुढचा विचार न करता तलवार खुपसतो आणि मरतो तो म्हातारा पोलोनियस. विचार करीत राहिला म्हणून ज्याची निंदा होते, त्याच्या हातून पहिला खून घडतो तो विचार सुटल्यामुळे! या एका घावाने तो स्वतः दुसऱ्या एका मुलाच्या बापाचा मारेकरी ठरतो. ऑफिलिया वेडी होऊन पाण्यात बुडते, आणि तिचा भाऊ लेअर्टिस, देवळातसुद्धा शत्रूचा गळा कापीन अशी भाषा बोलत, क्लॉडियसच्या हातातले बाहुले बनतो. चटकन सूड घेणारा माणूस कसा दिसतो, हे शेक्सपिअरने लेअर्टिसच्या रूपाने मुद्दाम दाखविले आहे. तिसरा पितृहीन पुत्र फोर्टिनब्रास. वृद्ध चुलत्याने कानउघाडणी करताच तो डेन्मार्कवरील सूडाचा नाद सोडतो आणि अखेरीस डेन्मार्कचे सिंहासन त्याच्याच पदरी पडते.

राणीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. मातेच्या पुनर्विवाहाने हॅम्लेट जितका जळतो, तितका कदाचित बापाच्या मरणानेही जळत नाही. आगरकर तर पुढे ‘सुधारका’तून विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार करणारे! या नाटकाने त्यांच्या मताला बाध येतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. नाटकात दोष आहे तो उतावळेपणाचा, आणि ज्याच्याशी विवाह झाला त्याच्या हाताला लागलेल्या रक्ताचा. ते रक्त राणीला ठाऊक होते असे नाटकात कोठेही दिसत नाही. तिच्यावर शब्दांचे आसूड ओढणारा पुत्र तिचा न्याय करीत नसून आपल्या दुःखाला वाट करून देत आहे, हे सहृदय वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

मराठी प्रेक्षकांनी हे नाटक आपलेसे केले, याचे श्रेय मुख्यतः शाहूनगरवासी नाटक मंडळीला आणि चंद्रसेनाची भूमिका गाजविणाऱ्या गणपतराव जोशांना आहे. पुढे नाना जोगांनी त्याचे नवे भाषांतर केले आणि २०१८ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ते सुमीत राघवन यांना नायक करून रंगभूमीवर आणले. इतक्या पिढ्या ज्या राजपुत्राकडे पाहत आल्या, तो नुसता दुबळा असता तर केव्हाच विस्मरणात गेला असता.

असो. त्या मुलीला आम्ही दिलेले उत्तर येथे नमूद करून हा लेख पुरा करतो. हॅम्लेट जोपर्यंत विचारासाठी थांबला, तोपर्यंत त्याच्या हातून कोणाचा जीव गेला नाही. तो विकारासाठी थांबला आणि विकारासरशी धावला, तेव्हापासून मात्र निरपराध माणसे मरू लागली. शेवटी मरता मरता तो आणि लेअर्टिस परस्परांना क्षमा करतात. अश्वत्थाम्याला ही क्षमा लाभली नाही; भळभळत्या जखमेसाठी तेल मागत तो अजून हिंडतो, असे आपल्याकडे लोक सांगतात. मुलगी काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “म्हणजे थांबणं वाईट नव्हतं, कशासाठी थांबला, ते वाईट होतं.” आगरकरांनी पुस्तकाला दिलेल्या नावाचा याहून नेमका अर्थ आम्हांसही सांगता आला नसता.